मरिनसच्या नावावर खपवला जाणारा चौरस नकाशा

'प्लात कारे' हे नकाशा-प्रक्षेपण टायरच्या मरिनसने इ. स. १००च्या सुमारास शोधून काढले, हे विधान इतक्या ठिकाणी जसेच्या तसे उतरवले गेले आहे की त्याला पुरावा मागणे आता उद्धटपणाचे वाटावे. तरीही तो मागितलाच पाहिजे. कारण या एका विधानात दोन चुका आहेत.

पहिली भूमितीची. या फ्रेंच नावाचा अर्थ 'सपाट चौरस'. अक्षांशाचा एक अंश आणि रेखांशाचा एक अंश कागदावर समान लांबीचे, म्हणून जाळीचे प्रत्येक घर चौरस. विषुववृत्तावर हे खरे ठरते. ६० अंशांवर मात्र पूर्व-पश्चिम अंतर दुप्पट दिसते. (आजच्या संगणकीय नकाशांत याच मांडणीला बेधडक 'प्रक्षेपणरहित' म्हटले जाते, ही आणखी कमाल!)

मरिनसची जाळी अशी नव्हतीच. त्याने आधार धरला तो ३६ अंशांवरील ऱ्होड्सच्या अक्षवृत्ताचा. तेथे रेखांशाचा अंश अक्षांशाच्या अंशाच्या जेमतेम चार-पंचमांश भरतो. म्हणून त्याची घरे चौरस नव्हेत, तर ४:५ प्रमाणाची उभी आयते होती. भूमध्य समुद्राचा पट्टा त्यामुळे प्रमाणशीर राहिला. किंमत इतरत्र मोजावी लागली: विषुववृत्त एक-पंचमांशाने आखूड झाले आणि उत्तरेकडील थुले बेटाचे अक्षवृत्त जवळजवळ पावणेदोनपट ताणले गेले. ही जाणून केलेली निवड होती. तिला 'चौरस' म्हणणे म्हणजे ती निवडच पुसून टाकणे.

दुसरी चूक 'शोधून काढले' या क्रियापदात दडली आहे. मरिनसचा ग्रंथ नष्ट झाला. उरला तो त्याचा टीकाकार टॉलेमी. इ. स. १५०च्या सुमारास लिहिलेल्या 'जिऑग्राफी'त तो सांगतो की, मरिनसने सपाट नकाशांच्या तोवरच्या सगळ्या पद्धतींना नावे ठेवली आणि स्वतः मात्र अंतरांचे प्रमाण सर्वाधिक बिघडवणारी पद्धत वापरली. वापरली, निर्माण केली असे टॉलेमी म्हणत नाही. प्रतिवादीची कैफियत गहाळ आणि फिर्यादीचीच तेवढी दप्तरी, अशा खटल्यातून जनकत्वाचा निवाडा कसा काढणार?

फिर्यादीचे वर्तनही पाहावे. आठव्या खंडातील २६ प्रादेशिक नकाशांसाठी टॉलेमीने सरळ रेषांची हीच जाळी पुरेशी मानली. फक्त प्रत्येक प्रदेशाच्या मध्य अक्षवृत्तानुसार प्रमाण बदलले. म्हणजे ऱ्होड्सपाशी मरिनसने केले, तेच त्याने २६ वेळा केले.