पारख : ध्वनियंत्राचा सौदा कोणाच्या शब्दावर करावा?

सीवूड्स, नेरूळ, खारघर येथील आपल्या कुटुंबांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो. नव्या घरात उत्तम प्रतीची संगीतयंत्रणा बसवायची आहे, विक्रेता सहा-सात लाखांचा आकडा सांगतो. तो रास्त की अवाजवी, हे कोणास विचारावे? मुलाचा आग्रह असतो, वडिलांचा विरोध असतो आणि पुरावा दोघांपाशीही नसतो. मग वादाचा निकाल बहुधा ज्याचा आवाज चढा, त्याच्या बाजूने लागतो.

वाशीच्या दाणा बाजारात पोत्यावरील छाप वाचून कोणी भाव ठरवीत नाही. पोकळ सळई पोत्यात खुपसून मधला माल तळहातावर घेतला जातो, मगच बोलणे पुढे सरकते. ध्वनियंत्राच्या बाबतीत हा मधला माल म्हणजे मोजमाप. सुदैवाने ते आज घरबसल्या, विनामूल्य पाहावयास मिळते. कोठे पाहावे एवढे मात्र ठाऊक हवे.

अमेरिकेतील ‘स्टिरिओफाइल’ हे नियतकालिक जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये सुरू केले. त्याच्या संकेतस्थळावर जुनी परीक्षणे खुली आहेत आणि अनेक परीक्षणांच्या शेवटी प्रयोगशाळेतील मोजमापांचे आलेख जोडलेले असतात. तेथे जाहिरातीही भरपूर आहेत, हे विसरू नये. परीक्षकाची स्तुती आणि त्याखालचा आलेख यांचा मेळ बसत नाही, असेही कधी कधी आढळते. अशा वेळी आलेखाकडे अधिक लक्ष द्यावे, असे माझे मत आहे. २०१६ पासून चालू असलेले ‘ऑडिओ सायन्स रिव्ह्यू’ हे स्थळ तर मोजमापांवरच उभे आहे. ध्वनिवर्धकांचे, म्हणजे स्पीकरांचे, आलेख एकाच पद्धतीने मांडून शेजारी शेजारी पाहण्यासाठी ‘स्पिनोरामा’ हे स्थळ उपयोगी पडते. तेथे रेषा जितकी सपाट व संथ, तितके यंत्र प्रामाणिक, एवढी खूणगाठ आरंभी पुरे.

या साऱ्यामागे ज्यांचे संशोधन आहे, त्या फ्लॉइड टूल यांचे नाव मात्र अवश्य लक्षात ठेवावे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि पुढे हरमन कंपनीत त्यांनी आयुष्यभर एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला : माणसाला चांगला आवाज कोणता वाटतो, आणि का? १९९४ मध्ये त्यांनी व शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस श्रोत्यांना काही स्पीकर आधी पडद्याआडून आणि मग उघडपणे ऐकविले. पडद्याआड असताना एका लहान, स्वस्त संचाला चांगले गुण मिळाले होते. तोच संच डोळ्यांपुढे येताच त्याचे गुण घसरले आणि मोठ्या, भारदस्त पेट्यांचे वाढले. विशेष म्हणजे हे श्रोते त्याच कंपनीचे कर्मचारी, म्हणजे या धंद्यातले जाणकार होते. आपण दुकानात मऊ खुर्चीवर बसून, किमतीची चिठ्ठी वाचून, चहाचा घोट घेत जे ‘ऐकतो’, त्यात कानाचा वाटा किती आणि डोळ्याचा किती, याचा हिशेब यावरून मांडावा. टूल यांची व्याख्याने चित्रफितींच्या रूपाने सहज मिळतात. त्यांतील एक जरी शांतपणे पाहिले, तरी विक्रेत्याच्या निम्म्या शब्दांचा धाक उरत नाही.

महाजालावरील बहुतेक लेखन यंत्राविषयी असते. खोलीविषयी फार थोडे. आपल्याकडे तर हाच मुद्दा कळीचा. काँक्रीटच्या भिंती, चकचकीत फरशी, मोठ्या काचा, अशा खोलीत आवाज आपटून परततो व शब्द पुसट होतात. त्यात खर्जाची आणखी एक अडचण आहे. बारा फूट बाय दहा फूट खोली धरा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्या हिशेबाने लांबीच्या दिशेने सुमारे ४७ हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमू लागते. हा घुमारा दहा लाखांच्या यंत्रालाही चुकत नाही. ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही संगणकप्रणाली विनामूल्य आहे; तिला मोजमापाचा मायक्रोफोन जोडला की आपल्याच खोलीचा आलेख पडद्यावर उमटतो. जाड गालिचा, पडदे, पुस्तकांनी भरलेली कपाटे यांनी शब्द स्पष्ट होतात. खर्जासाठी स्पीकर भिंतीपासून पुढे घेणे व बैठकीची जागा बदलणे उपयोगी पडते. पैशांचा क्रम आधी स्पीकर व खोली, मग अॅम्प्लिफायर, आणि तारा सर्वांत शेवटी असा असावा. पुरेशा जाडीची साधी तांब्याची तार घरगुती अंतरासाठी भागते. ऐंशी हजारांच्या तारेचे समर्थन करणारा आलेख कोणी दाखविल्यास तो अवश्य पाहावा.

काय ऐकावे, याचेही शिक्षण हवे. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक महाजालावर वाचता येते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हापासूनच्या तबकड्यांचा इतिहास त्यातून उलगडतो. आजोबांच्या कपाटात बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या असतील, तर त्यांचे मोल तेथे कळेल. त्या काळच्या मुद्रणात कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्याचा लहानसा भागच उतरला आहे. तेव्हा केवळ त्यांच्यासाठी अतिमहाग यंत्र घेणे अनाठायी ठरेल. स्वच्छ सुई व योग्य गती यांनी अधिक साधते.

अमेरिकेतील आप्तांकरवी यंत्र मागविणाऱ्यांनी मागील पट्टीवरील व्होल्टेज आधी वाचावे. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३०ची. शिवाय हमी येथे लागू होईलच असे नाही. निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ व रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे आणि खर्ज स्लॅब ओलांडून शेजारी पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास चाळीस तासांपर्यंत सुरक्षित आहे. ९०चा मात्र केवळ चार तास.

दुकानात जाताना आपल्या ओळखीची तीन-चार ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. दोन यंत्रांची तुलना करताना दोहोंची पातळी मापकाने समान करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘अधिक चांगला’ भासतो आणि हे विक्रेत्यास ठाऊक असते. आठवडाभर घरी ऐकून परत करण्याची मुभा मागावी. ती मिळाल्यास मुदतीच्या तारखेसह बिलावर लिहून घ्यावी.