मृत कावळ्याला मालक नसतो

नोव्हेंबर २०१९ मध्ये जयपूरपासून सुमारे ८० किलोमीटर अंतरावरील सांभर सरोवराच्या काठी स्थलांतरित पक्षी मरू लागले. पाहता पाहता मृतांची संख्या १८ हजारांच्या घरात गेली. पहिली शंका बर्ड फ्लूचीच होती. परंतु भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तपासणीत तो विषाणू आढळला नाही. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने बोटुलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषामुळे होणारा पक्षाघात, हे कारण निश्चित केले. पुढे तेरा महिन्यांनी त्याच राज्यात झालावाड येथे कावळे मरू लागले. या वेळी मात्र भोपाळच्या अहवालात बर्ड फ्लूचा एच५एन८ हा विषाणू निघाला. जानेवारी २०२१ मध्ये जयपूरच्या जलमहाल परिसरातही मृत कावळे सापडले.

वरवर पाहता दोन्ही घटना सारख्याच. उपाय मात्र भिन्न. बोटुलिझममध्ये मृत पक्षी तातडीने उचलले की विषाची साखळी तुटते आणि आजारी पक्षी शुश्रूषेने बरेही होतात. बर्ड फ्लूमध्ये परिसरातील कुक्कुटशाळा आणि मृत पक्षी हाताळणारी माणसे यांचा बचाव प्रथम करावा लागतो. म्हणूनच अंदाजावर नव्हे, निदानावर विसंबले पाहिजे.

हे निदान भोपाळमध्ये होत असले, तरी अन्वेषणाचा आरंभ बांधावरच होतो. दोन दिवस उन्हात कुजलेल्या पक्ष्यापासून प्रयोगशाळेला फारसे काही हाती लागत नाही. पाळीव जनावरांतील व कोंबड्यांतील अनुसूचित रोगांची खबर देणे २००९ च्या केंद्रीय कायद्याने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. कावळ्याला मात्र मालक नसतो. त्यामुळे तो उकिरड्यावर फेकला जातो आणि त्याच्यासोबत पहिली सूचनाही निघून जाते.

ही सूचना किती मोलाची असते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या दगावल्यानंतर रोग उघड झाला. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मात्र मृत कावळ्यांच्या तपासणीतून एच५एन१ विषाणूचे निदान झाले आणि भोवतालच्या कुक्कुटपालकांना सावध करता आले. हा विषाणू पक्ष्यांपुरता मर्यादित राहिलेला नाही. २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर एलिफंट सील या सागरी सस्तन प्राण्याची सुमारे १७ हजार पिल्ले त्याला बळी पडल्याचा संशोधकांचा अंदाज आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या यांच्या मृत्यूमागेही एच५एन१ असल्याचे निष्पन्न झाले.

तरीही खबर देण्यास शेतकरी बिचकतो. ‘कावळ्याचे सांगितले, तर माझ्या कोंबड्या मारतील’ ही भीती खोटी म्हणून झटकणे योग्य नव्हे. तिचे उत्तर दिले पाहिजे. केवळ वन्य पक्ष्यांत विषाणू आढळला म्हणून सरसकट कोंबड्या नष्ट केल्या जात नाहीत. त्या भागात देखरेख वाढवली जाते. शिवाय भरपाई मिळते ती शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच दगावलेल्यांची नाही. म्हणजे विलंबाचा तोटा शेवटी शेतकऱ्यालाच.

विस्तार कार्यकर्त्यांनी हे काम आपले मानावे, असे आम्हांस वाटते. एकाच ठिकाणी दोन-चार पक्षी मेलेले दिसले, तर उघड्या हाताने स्पर्श करू नये. जागा, वेळ, जात व संख्या नोंदवावी, छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. शवाभोवती कुत्री व कोंबड्या फिरकणार नाहीत, एवढी दक्षता घ्यावी. नमुना घेणे, तो बर्फात ठेवणे आणि पुण्याच्या रोग अन्वेषण विभागामार्फत भोपाळला पोहोचवणे हे पशुवैद्यकाचे काम आहे. खात्यानेही एक पथ्य पाळावे: आलेला अहवाल, तो निर्दोष असला तरी, खबर देणाऱ्यास अवश्य कळवावा. उत्तर न मिळालेला माणूस दुसऱ्यांदा दूरध्वनी करत नाही.