वेचणीचा रविवार आणि आठवीची परीक्षा



डिसेंबरातला रविवार. पऱ्हाटी दुसऱ्या वेचणीला आलेली, आभाळ भरलेलं. धुऱ्यावर उभा राहून एक शेतकरी मला म्हणाला, "पोरीची कायची तरी परीक्षा हाये आज तालुक्याले. नाही गेली तं का बिघडते, साहेब? कापूस भिजला तं मातेरं होईन." पोरगी ओटीत कापूस घेऊन मागं उभी होती. मी कृषी पदवीधर. भिजलेल्या कापसाची प्रत जाते, हे मला कोणी सांगायला नको. मी मान डोलावली. जवळ मोटारसायकल होती, वेळही होता, पोरीला बसवून नेता आली असती. नेली नाही. ती रुखरुख आहे, म्हणून लिहितो.

ती परीक्षा एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांतल्या आठवीच्या मुलांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा. पैसा केंद्र सरकारचा, परीक्षा पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेची. निवड झाली की नववी ते बारावी, वर्षाला 12,000 रुपये. आता हिशेब मांडू. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. चार वर्षांचे 48,000 म्हणजे जवळपास सहा क्विंटल कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर. त्या रविवारी पोरीनं पंधरा किलो वेचला असेल. मजुरी दहा रुपये किलो धरा. दीडशे रुपये झाले. उलट्या पट्टीचा हिशेब आपण बाजार समितीत बरोबर पकडतो, घरात का सुटतो?

पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. कोरडवाहूवाल्याला ही अट आडवी येत नाही. एवढी मोकळी सरकारी अट मी दुसरी पाहिली नाही. सातवीत 55 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट. आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. हे नीट ऐका. पोट कापून, कर्ज काढून ज्यांनी पोरं विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातली, त्यांची पोरं या परीक्षेला बसूच शकत नाहीत. फी आपण भरायची आणि हक्कही आपणच सोडायचा. गावची शाळा सोडण्याआधी हा हिशेब कुणी सांगत नाही.

पेपर दोन, सकाळी एक नि दुपारी एक. प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. दुसरा पेपर विज्ञान, समाजशास्त्र, गणिताचा. तो शाळेत शिकवलेलाच असतो. आपली पोरं अडतात पहिल्यात, बुद्धिमत्तेच्या पेपरात, कारण तसले प्रश्न त्यांनी कधी पाहिलेलेच नसतात. पण ते काही आभाळातून पडत नाहीत. सहा ओळी कापसाच्या, मग एक तुरीची, असाच पेरा चालला तर तिसावी ओळ कशाची? माझ्या ओळखीच्या एका बाईनं, शाळेचं तोंड न पाहिलेल्या, बोटं मोजून सांगितलं, "कापसाची." पेपरात हेच आकड्यांनी नि आकृत्यांनी विचारतात.

म्हणून आईबापाला वाचता येत नाही ही सबब मी मानत नाही. घड्याळ तर बघता येतं? जुनी प्रश्नपत्रिका मास्तरांकडून मागून आणा, पोराला समोर बसवा, दीड तास कुणी हाक मारायची नाही. पाणी आण नाही, बैल सोड नाही. आठवड्यातून एकदा, पोळ्यापासून परीक्षेपर्यंत. उत्तराचे गोल रंगवायचा सरावही हवा. एक ओळ चुकली की पुढची सगळी उत्तरं सरकतात, आणि हुशार पोरगं घरी येऊन रडतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा ठेवायचा नाही.

कागदपत्रांत आपण जास्त मार खातो. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो, शाळा सुरू झाली की महिन्याभरात जाऊन विचारा, "आमच्या पोराचा भरता ना?" संकोच नको. उत्पन्नाचा दाखला डवरणीच्या आधीच तहसिलातून काढा. पोराच्या नावे बँकेत खातं हवं, आधार जोडलेलं. निवड झाल्यावर पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पुढं दरवर्षी नूतनीकरण. एका गावात निवड झालेल्या मुलाला दमडी मिळाली नाही. शाळा म्हणे पालकांनी करायचं होतं, पालक म्हणे शाळेनं. दहावीलाही 60 टक्के लागतात, नाहीतर अकरावीपासून पैसे बंद.

या परीक्षेनं शिक्षणाचं सोनं होईल असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राच्या वाट्याला वर्षाला 11,682 जागा. बहुतेक पोरं सुटणारच. न निवडलेल्याला "कामाचा नाही" म्हणाल तर बसवूच नका. पण आपली पोरं न बसताच हरतात, हे मला सहन होत नाही.

पुढच्या बैठकीला येताना आठवीतल्या पोरापोरींची नावं नि शाळा लिहून आणा. परीक्षेच्या दिवशी प्रत्येक गावातून एक गाडी तालुक्याला जाईल. डिझेलचं आपसांत वाटून घेऊ, आणि ज्यांच्या घरची पोरं जातील त्यांच्या दोन ओळी बाकीच्यांनी वेचून द्यायच्या. एका गाडीवर मी असेन.