शेफिल्डचे पोलाद, माजरीचा कोळसा आणि बदललेला आवाज

‘कॅबरे व्होल्तेर’ हा इंग्लंडमधल्या शेफिल्डचा बँड. टेपचे तुकडे, सिंथेसायझर आणि यंत्रांचे आवाज यांतून घडलेल्या ‘इंडस्ट्रियल’ संगीताच्या पायाभरणीत त्याचे नाव अगदी आधी घ्यावे लागते. 1994 नंतर या बँडचा नवा अल्बम नव्हता. नोव्हेंबर 2020 मध्ये ‘शॅडो ऑफ फिअर’ आला, तोही संस्थापकांपैकी एकट्या रिचर्ड एच. कर्कने केलेला. इतकी वर्षे वाजवणाऱ्या बँडच्या उत्तरकाळातल्या अल्बमवर दोनच आक्षेप ठरलेले असतात: आवाज बदलला, म्हणजे बँडने स्वत्व सोडले, किंवा आवाज तोच राहिला, म्हणजे बँड संपला. माझ्या मते हे दोन्ही आक्षेप चुकीच्या जागी बोट ठेवतात. कारखान्यांच्या आवाजातून जन्मलेल्या संगीताचे इमान भोवतालच्या जगाशी असते, स्वतःच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांशी नव्हे. भोवतालचे काम बदलले की ते संगीत बदललेच पाहिजे. ही गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या माजरी, घुग्घुस, बल्लारपूर या कोळसा पट्ट्यातल्या माणसाला इतर कुणाहीपेक्षा लवकर पटावी.

1973 मध्ये कर्क, स्टीफन मॅलिंडर आणि ख्रिस वॉटसन या तिघांनी हा बँड सुरू केला. (त्याच वर्षी आपल्याकडे कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण पूर्ण झाले.) शेफिल्ड तेव्हा पोलादाचे शहर होते आणि घणांचे ठोके रात्री दूरवरच्या वस्त्यांपर्यंत पोचत. 1975 च्या पहिल्या जाहीर कार्यक्रमात या तिघांनी ढोलाऐवजी वाफेवर चालणाऱ्या घणाचा ध्वनिमुद्रित ठोका वाजवला. श्रोते इतके भडकले की मारामारी झाली. 1981 चा ‘रेड मेक्का’ हा त्या काळातला त्यांचा सर्वांत भक्कम अल्बम. त्यातला कोंदटपणा आणि सततची अस्वस्थता आजही जुनी वाटत नाही. मात्र हा आवाज चालू असतानाच त्याचा उगम आटत होता. 1980 च्या पोलाद कामगारांच्या मोठ्या संपानंतर शहरातले कारखाने एकेक करून बंद पडत गेले. 18 जून 1984 रोजी शहरालगत ऑरग्रीव्ह येथे संपावरचे खाणकामगार आणि पोलीस एकमेकांना भिडले. सप्टेंबर 1990 मध्ये हॅडफील्ड्स या पोलाद कारखान्याच्या जागेवर ‘मेडोहॉल’ हे प्रचंड खरेदी संकुल उघडले.

त्याच 1990 मध्ये बँडचा ‘ग्रूव्ही, लेडबॅक अँड नॅस्टी’ आला. त्यासाठी ही मंडळी शिकागोला जाऊन तिथल्या ‘हाउस’ नृत्यसंगीताचा निर्माता मार्शल जेफरसन याच्यासोबत काम करून आली होती आणि तो सरळसरळ नाचाचा अल्बम होता. बाजाराला शरण गेल्याचा आरोप यावर सर्वाधिक होतो. अल्बम म्हणून तो मलाही दुबळा वाटतो, पण त्याचे कारण वेगळे आहे: त्यात शिकागो ऐकू येते, शेफिल्ड फार कमी. उलट त्याच वर्षी कर्कने ‘स्वीट एक्झॉर्सिस्ट’ या जोडीतून, शेफिल्डच्याच ‘वॉर्प’ या नव्या कंपनीसाठी ‘टेस्टोन’ ही ध्वनिमुद्रिका केली. तीही नाचाचीच, पण तिच्यातले कोरडे इलेक्ट्रॉनिक टोले आणि खालचा खोल घुमारा कामगार उठून गेलेल्या रिकाम्या शेडचे वाटतात. म्हणजे माणूस तोच, वर्ष तेच, दिशाही तीच. नाचाकडे वळणे हा गुन्हा असता तर दोन्ही सारखेच फसायला हवे होते.

‘शॅडो ऑफ फिअर’मध्ये आठ रचना आहेत. त्यांत घण नाही. आहेत ते न थांबणारे ठोके आणि कुठून तरी पकडलेले, अर्धवट कापलेले, हुकूम देणारे मानवी आवाज. कर्कने 2014 पासून या नावाने कार्यक्रम करताना जुनी गाणी वाजवायचीच नाहीत असा दंडक ठेवला होता, आणि तो इथेही जाणवतो. काही रचना गरजेपेक्षा लांबल्या आहेत. मॅलिंडरचा दबका गळा नाही, ही उणीव खरी आहे. एकट्याने केलेल्या कामाला तिघांचे नाव द्यावे का, हा प्रश्नही रास्त आहे. पण आवाजाचा विचार केला तर हा अल्बम 2020 चा आहे. कामावरची हुकमत आता भोंगा वाजवून चालत नाही, ती पडद्यावरून आणि नोंदींवरून चालते, हे त्याने नेमके टिपले आहे. सप्टेंबर 2021 मध्ये कर्क वारला.

आता प्रश्न येतो की याचे माजरीला काय? यंत्रांच्या वाजण्यात इथे कुणाला कला दिसावी, असे विचारणाऱ्याचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. ब्लास्टिंगने भिंतींना तडे जातात, डंपरच्या वर्दळीने झोप मोडते, धूळ अन्नावर बसते. या आवाजाचे कौतुक करा असे सांगणे क्रूर ठरेल. पण कॅबरे व्होल्तेरनेही घणाचे कौतुक केले नव्हते. लोकांनी सवयीने ऐकणे सोडून दिलेला आवाज त्यांनी समोर आणून ठेवला, म्हणून तर मारामारी झाली. दुसरा आक्षेप परकेपणाचा. तो टिकत नाही. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी 1982 मध्येच सिंथेसायझर आणि तालयंत्रावर दहा राग वाजवून अल्बम काढला होता. विदर्भातल्या धुमाल पार्टीत कीबोर्ड आणि ऑक्टापॅड कधीच रुळले आहेत. आणि ऐकणे हे खाणीच्या कामाचेच अंग आहे: भूमिगत खाणीत छतावर सब्बल ठोकून, उमटणाऱ्या आवाजावरून दगड पक्का की सुटलेला हे ओळखतात. त्या कानावर जीव अवलंबून असतो.

माजरीच्या या वर्धा खोऱ्यातही कोळशाचा आवाज बदलला आहे. भूमिगत खाणींचा भर ओसरून खुल्या खाणी वाढल्या. सब्बल, टेकूचे लाकूड आणि दोरखंडावर ओढल्या जाणाऱ्या टबांच्या जागी शॉवेल, डंपर आणि कन्व्हेयर पट्टा आला. शेफिल्डमध्ये निदान एक काम झाले. 1981 मध्ये बँड सोडलेला ख्रिस वॉटसन पुढे निसर्गाचे आवाज टिपणारा नामांकित ध्वनिमुद्रक झाला, आणि 2013 मध्ये त्याने शेफिल्डचा ध्वनिनकाशा तिथल्या मिलेनियम गॅलरीत मांडला. आपल्याकडे ज्यांनी भूमिगत खाणीत आयुष्य काढले ते कामगार निवृत्त होत आहेत. त्यांच्या आठवणी आणि उरलेल्या भूमिगत खाणींचे आवाज वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडने (वेकोलि) व गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने मिळून ध्वनिमुद्रित करावेत, आणि ते धुमालच्या, झाडीपट्टी नाटकांच्या तरुण वादकांना विनामूल्य वापरू द्यावेत. खाणीत उतरायला परवानगी लागते, ती वेकोलिच देऊ शकते. तिथून सुरुवात व्हावी.