आधी संहिता, मग पदरची वाक्ये

संगणकावरचे खेळ हा महाविद्यालयाच्या मासिकाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न काही गुरुजनांना पडेल. पण परीक्षा संपल्यावर वसतिगृहात ज्या विषयावर रात्र-रात्र वाद रंगतात, त्यावर दोन शब्द लिहिणे मला तरी गैर वाटत नाही.

मी बोलतो आहे ‘स्कायरिम’विषयी. अमेरिकेतील बेथेस्डा या कंपनीने हा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रसिद्ध केला. आपण एक पात्र घ्यायचे आणि बर्फाळ डोंगर, ड्रॅगन, यादवी यांनी भरलेल्या काल्पनिक देशात त्याचे आयुष्य जगायचे. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने ‘क्रिएशन किट’ हे साधन लोकांना मोफत दिले. मग काय विचारता! हौशी लोकांनी नवी शस्त्रे, नवी गावे, नव्या कथा रचल्या. बाहेरच्या माणसाने मूळ खेळात केलेली अशी भर किंवा फेरफार म्हणजेच ‘मॉड’.

माझी तक्रार मॉडबद्दल नाही, उतावळेपणाबद्दल आहे. नवशिका खेळाडू पहिल्याच संध्याकाळी शंभरेक मॉड भरतो, खेळ बंद पडतो, आणि मग तो खेळाला नावे ठेवतो. जेवणाचा पहिला घास घेण्याआधीच ताटात मीठ ओतणाऱ्याला आपण काय म्हणू? नाटकातला मुरलेला नट पदरची वाक्ये घेतो आणि टाळ्याही मिळवतो, पण त्याला मूळ संहिता तोंडपाठ असते. तेव्हा पहिले वीस-पंचवीस तास मूळ खेळच खेळावा. काय खटकते हे कळल्याशिवाय काय बदलावे हे कसे कळणार?

तोवर खेळाच्या स्वतःच्या सेटिंग्ज पाहाव्यात. संगणक साधा असेल तर आधी सावल्यांचा दर्जा आणि अंतर कमी करावे; यंत्रावरचा बराच भार तिथेच असतो. सेकंदाला ६० चित्रांच्या पुढे हा खेळ पळवू नये. पळवल्यास टेबलावरची भांडीकुंडी आपोआप उडू लागतात, आणि तो जादूटोणा नसतो. काठिण्याच्या सहा पायऱ्या आहेत. मधल्या ‘ॲडेप्ट’ पायरीवर मार जसाच्या तसा लागतो. शेवटच्या ‘लेजेंडरी’वर आपला घाव पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट. म्हणजे शत्रू हुशार होत नाही, फक्त हिशेब बदलतो. यात पुरुषार्थ मानण्यासारखे मला काही दिसत नाही. शत्रूने खरोखर वेगळे लढावे असे वाटू लागले, की मॉडची वेळ आली असे समजावे.

तेव्हाही एका वेळी एकच मॉड घालावा आणि थोडे खेळून पाहावे. फाइली हाताने न कोंबता ‘व्हॉर्टेक्स’ किंवा ‘मॉड ऑर्गनायझर’ वापरावा. सुरुवातीला खेळातल्या चुका दुरुस्त करणारा ‘अनऑफिशियल पॅच’ आणि सामानाची यादी सुटसुटीत करणारा ‘स्काययूआय’ पुरेत. दुसऱ्याला ‘स्क्रिप्ट एक्स्टेंडर’ लागतो, आणि तो आपल्या खेळाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावा लागतो. दोन मॉड एकाच गोष्टीला हात लावत असतील तर क्रमात शेवटी असलेल्याचे चालते. चालू खेळातून मॉड काढू नये. त्याचे अवशेष जतन केलेल्या खेळात उरतात.

कोणी म्हणेल, “यंत्र माझे, खेळ माझा, मला वाटेल ते करीन.” खुशाल करावे! पण मॉड करणाऱ्याने आपले कितीतरी रविवार त्यात घातलेले असतात, बहुधा एक पैही न घेता. त्याने लिहिलेल्या सूचना वाचायला दहा मिनिटे लागतात. त्या न वाचता त्यालाच शिव्या देणे, याला मी स्वातंत्र्य म्हणणार नाही. या हौसेची योग्यता लहान नाही. ऑस्ट्रेलियाच्या निक पिअर्स यांनी २०१५ मध्ये केलेल्या ‘द फरगॉटन सिटी’ या मॉडला पुढच्या वर्षी तिथल्या लेखकसंघाचा पुरस्कार मिळाला, आणि २०२१ मध्ये त्याचा स्वतंत्र खेळ झाला. खेळणाराच कर्ता झाला!

हा खेळ अधिकृतपणे जपानीत आहे, पोलिशमध्ये आहे, चेकमध्ये आहे. मराठीत नाही आणि कन्नडातही नाही. अख्ख्या खेळाचे भाषांतर मोठे काम आहे, ते राहू द्या. पण एखाद्या चांगल्या मॉडच्या सूचना, त्याच्या कर्त्याची परवानगी घेऊन, दोन्ही भाषांत आणणे आपल्या आवाक्यातले आहे. या मासिकाचे मराठी आणि कन्नड विभाग शेजारी-शेजारी छापले जातात. त्यांतल्या चार-चार मंडळींनी सुट्टीत एकत्र बसावे, एवढेच माझे मागणे आहे. त्यातून पुढच्या वर्षीच्या नवशिक्याचा खेळ बंद पडणार नाही, आणि आपल्यालाही शेजाऱ्याच्या भाषेतले दहा-वीस शब्द नव्याने कळतील.