पैसा निघाला, पण पोचला का?

सबस्टेशनवर व्होल्टेज ठीक दिसलं म्हणून शेवटच्या घरातला दिवा नीट पेटेलच असं नाही, हे इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको. मीटर शेवटच्या टोकालाही लावावा लागतो. सरकारच्या आरोग्यखर्चाचंही तसंच आहे. पण आपली सगळी चर्चा बजेटच्या आकड्यावर! 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्के खर्चाचं लक्ष्य ठेवलं होतं. आकडा वाढायलाच हवा, वादच नाही. पण निघालेला रुपया दवाखान्यातल्या औषधांच्या कपाटापर्यंत किती पोचतो, हे कोण मोजणार?

युगांडात 1996 मध्ये हे मोजायला घेतलं. 250 प्राथमिक शाळा आणि 100 दवाखाने निवडले. 1991 ते 1995 या काळात शाळांच्या पगाराव्यतिरिक्तच्या अनुदानातले सरासरी फक्त 13 टक्के शाळेत पोचले होते. आणि दवाखान्यांचं? तिथल्या नोंदीच इतक्या अपुऱ्या, की हिशेबच लागेना!

आपल्याकडेही प्रयत्न झाला. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला रुग्ण कल्याण समितीसाठी 1 लाख, देखभालीसाठी 50 हजार आणि अबंधित निधी म्हणून 25 हजार रुपये ठरले. 2007 पासून महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला ठाणे जिल्हाही होता. गावकरी केंद्रात जाऊन पाहणी करत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारत. त्यासाठी कुणाला डिग्री लागली नाही.

मग आपण? वाशीतही महापालिकेचं नागरी आरोग्य केंद्र आहे. मेसमधल्या मावशींना किंवा वॉचमनकाकांना तिथे औषध मिळालं नाही, तर बाहेरच्या चिठ्ठीपायी दिवसाची मजुरी जाते. माहिती अधिकार कायद्याखाली अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. विचारायचं एवढंच: वर्षभरात औषधांची मागणी किती, पुरवठा किती, कुठलं औषध किती दिवस संपलेलं होतं?

यात केंद्रातल्या सिस्टरांना धारेवर धरायचं नाही. गळती त्यांच्या वर कुठेही असू शकते, उलट नीट नोंद असेल तर ती त्यांच्याच बाजूने बोलेल.

मेसच्या बिलात दोन दिवस जास्त लागले, तर आपण मेस सेक्रेटरीची झोप उडवतो. त्यातली निम्मी चिकाटी इकडे वळवली तरी पुष्कळ होईल. बघा, पटतंय का!