टॉवर गप्प झाला की कोण बोलणार?

होस्टेलवर अर्धा तास रेंज गेली तरी कॉरिडॉरमध्ये काय आरडाओरडा होतो ते आपण सगळे जाणतोच. आता कल्पना करा की ती दोन दिवस आलीच नाही, वर लाईट नाही, आणि बदलापूरला तुमच्या घराच्या तळमजल्यात पाणी आहे...

२६ जुलै २००५ ला हे झालं आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास नदी वस्त्यांत शिरली, लोकल बंद. आमचं घर खोपटला, एसटी स्टँडजवळ. माझे काका त्या संध्याकाळी घाटकोपरहून चालत निघाले. ते सुखरूप आहेत हे घरी कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, ते स्वतः दारात उभे राहिले तेव्हा! आई अजून ती रात्र सांगते. फोन होते हो घरात, लागत नव्हते एवढंच.

का लागत नाहीत, हे निदान आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी समजून घ्यावं. टॉवरखालची बॅटरी काही तास चालते, मग डिझेलचा जनरेटर. रस्ता पाण्याखाली गेला की डिझेल पोचत नाही. त्यात सगळं शहर एकाच वेळी फोन लावत बसतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीजही नव्हती आणि मोबाईलही.

अशा वेळी उपयोगी पडतात ते हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. परीक्षा देऊन सरकारी परवाना घेतलेली, पगार न घेणारी माणसं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ ला भुजला ती आपापले सेट घेऊन पोचली होती. पण मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते अंदमानचं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी खास परवानगी काढून पोर्ट ब्लेअरला गेले होते. कशाला? निव्वळ छंद म्हणून, जगभरच्या हॅमशी तिथून बोलायला. २६ तारखेला भूकंप आणि त्सुनामी आली, फोन बंद पडले आणि हॉटेलातलं ते हौसेचं स्टेशन बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवरच्या नातेवाइकांना कळवू लागलं. त्सुनामीनंतर कुणी सेट विकत घ्यायला धावलं नव्हतं. अँटेना आधीच उभी होती, आणि बोलणाऱ्यांना सराव होता. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

यात जादू काही नाही. हातातला पाच वॅटचा सेट साधारण नजरेच्या रेषेत बोलतो. मध्ये पारसिकचा डोंगर आला की बोंब. पण ७ मेगाहर्ट्‌झला जेमतेम वीस मीटर तार लागते. ती मुद्दाम कमी उंचीवर ताणली की लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनोस्फिअरवरून छत्रीसारख्या खाली येतात. मग घाट असो की दरी, दोन-तीनशे किलोमीटरचा टापू हाती येतो. रात्री आणखी खालच्या फ्रिक्वेन्सीवर जावं लागतं. वीज? गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. आयनोस्फिअरचे थर आपण व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि सकाळी विसरतो, ते असे कामाला येतात!

कुणी म्हणेल, आता सॅटेलाईट फोन आहेत, हे जुनं खूळ कशाला? मान्य, सॅटेलाईट फोन हवेतच. पण त्यावर एक जण एकाशीच बोलतो. रेडिओवर एकाने सांगितलेलं दहा ठिकाणी एकदम ऐकू जातं. दर वेळी त्याची गरज पडते असंही नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, तेव्हा आतल्या प्रवाशांचे मोबाईल व्हिडिओ बाहेर येतच होते. आणि रेडिओ म्हणजे काही बोट नव्हे. माणसं बाहेर काढली ती बचाव पथकांनीच. पण बोट कुठे पाठवायची हे आधी कुणीतरी सांगावं लागतं.

उत्साही पण न शिकलेला स्वयंसेवक मात्र अशा वेळी अडचणच. नेट चालू असताना नियंत्रकाने विचारल्याशिवाय बोलायचं नाही, निरोप लिहून मगच वाचायचा, आकडे दोनदा सांगायचे, आणि बहुतेक वेळ नुसतं ऐकायचं. आपल्याकडे ऐकण्याचीच बोंब आहे. ऑनलाईन स्वस्तातला वॉकीटॉकी मागवून गॅदरिंगला विनापरवाना मिरवणारे वीर तर वेगळेच. तो गुन्हा आहे, बाबांनो.

परवान्याचं म्हणाल तर केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा असते, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि थोडे नियम. रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स लागत नाही, आणि बारा वर्षांवरचा कुणीही बसू शकतो. तिसऱ्या सेमिस्टरच्या पोराला हे अवघड जाईल असं म्हणणं म्हणजे आपल्याच शिक्षकांचा अपमान.

दरवर्षी टेक-फेस्टला रोबो लढवायला आपण जो खर्च करतो, त्यातल्या थोड्या पैशांत होस्टेलच्या गच्चीवर एक स्टेशन उभं राहतं. शैक्षणिक संस्थेच्या नावाने परवाना मिळण्याची सोय नियमांत आहे. गच्चीची किल्ली रेक्टर सरांकडे असते आणि ती का मिळत नाही हेही आम्हाला ठाऊक आहे, सर! पण वीस मीटर तार आणि दोन बांबू एवढंच वर न्यायचं आहे. पुढच्या पावसाळ्याआधी परीक्षेला बसायचं असेल तर फॉर्म आत्ताच भरायला हवेत. मी माझा भरतोय. टेलिकॉमवालेच हवेत असं नाही, सिव्हिलवालेही चालतील; बांबू तेच नीट उभे करतील.